दीड टन गारवा

१

सोनखडकच्या वेशीजवळच्या खांबावर छगन वायरमन मेला, तेव्हा त्या तारांना वीज पुरवणारे तिन्ही फ्यूज त्याच्या मदतनिसाच्या पिशवीत होते. निदान मदतनीस तसं सांगत होता. गावातलं कुणी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं, आणि पोलिसांनी तर त्याला पाथर्डीला नेऊन बसवलंच होतं.

त्र्याहत्तर सालचा मे महिना चालला होता. दुष्काळानं पाथर्डी तालुक्याचं हाड न् हाड वर आलं होतं. जनावरं छावणीत, माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि गावात राहिलेल्या बायका घागरी घेऊन टँकरच्या वाटेवर. अशा गावात नगरहून जीप आली आणि तिच्यातून सहायक विद्युत निरीक्षक पुष्पावती कराळे उतरली. विजेनं माणूस मेला की चौकशी करून कारण लिहून द्यायचं, हे तिचं काम. इंजिनिअरिंगच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि नोकरीत आल्यापासून प्रत्येक गावात तिला पहिला प्रश्न एकच विचारला जाई, साहेब मागून येतायत का?

इथंही तेच झालं. विचारणारा होता गावचा ठेकेदार आबासाहेब, दुष्काळ समितीचा अध्यक्ष. साहेब म्हणजे आपणच, असं पुष्पावतीनं सांगितलं तेव्हा तो तोंडभर हसला आणि चहाला बंगल्यावर चला म्हणाला. चहा नंतर घेऊ, असं म्हणून ती खांबाकडे वळली.

बरोबर वीज खात्याच्या शाखेचा अभियंता राधाकृष्ण होता. माणूस वाईट नव्हता, पण वरून फोन आला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. प्राथमिक अहवाल त्यानं टाइप करून आणला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. सकाळी खांबावरचा जोड जळाला आणि त्या गल्लीची वीज गेली. छगननं डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जाऊन गल्लीचे तिन्ही फ्यूज काढले, मदतनीस गहिनीनाथच्या पिशवीत टाकले आणि तो खांबावर चढला. दुपारी काम चालू असताना तारेत एकाएकी वीज आली आणि तो चिकटला. त्याच वेळी समोरच्या पिठाच्या गिरणीतला बल्ब लागला. लोक ओरडले तसा गहिनीनाथ डीपीकडे पळाला, आणि थोड्या वेळानं बल्ब विझला.

"म्हणजे यानंच आधी घाईनं फ्यूज बसवले आणि मग काढले," राधाकृष्ण म्हणाला. "बाई, नगरहून दोनदा फोन आलाय. संध्याकाळपर्यंत सही हवी आहे."

पुष्पावतीनं कागद वाचला, घडी घातला आणि त्याच्याच हातात परत दिला.

"सही माझी आहे ना? मग केव्हा करायची ते मी ठरवीन."

२

गहिनीनाथला ती येता येता पाथर्डीला भेटून आली होती. विशी ओलांडलेला, अंगानं वाळकुडा पोरगा. खांबाखाली थांबायचं सोडून तो टँकरच्या रांगेकडे पाणी प्यायला गेला होता, एवढी चूक त्यानं कबूल केली. त्यापुढे तो एक पाऊलही सरकत नव्हता.

"मी पानी प्यायला गेल्तो, बाईसाहेब. त्येची मला फाशी द्या. पर फ्यूजला हात लावला न्हाई. वरडा झाला तसा डीपीकडं पळालो, तर फ्यूजच्या जागा मोकळ्याच. मग करंट आला कुटून, त्ये मला बी कळंना."

पोलिसांनी त्याला दोन चापट्या दिल्या होत्या, हे त्याच्या गालावर दिसत होतं. तरी बोलणं बदललं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस आपल्याला सोयीची गोष्ट सांगतो. ह्या पोरानं सांगितलेल्या गोष्टीत तो सगळीकडून अडकत होता. पुष्पावतीनं ते मनाशी ठेवलं.

छगनचं घर खांबापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्याची बायको मनकर्णा दारात बसली होती. डोळे कोरडे, आवाज खणखणीत. आदल्या दिवशी आबासाहेबाचा माणूस धान्याचं पोतं घेऊन आला होता, ते तिनं दारातूनच परत पाठवलं होतं. का, असं विचारल्यावर म्हणाली, मेलेल्या माणसावर चूक ढकलत गावभर फिरणाऱ्याचं धान्य गिळवत नाही.

नवऱ्याच्या कामाबद्दल तिनं जे सांगितलं ते पुष्पावतीला महत्त्वाचं वाटलं. तारेला तो आधी नेहमी उलटा हात लावायचा, कारण वीज असली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. त्या दिवशीही त्यानं तसंच केलेलं तिनं दारातून पाहिलं होतं. नंतर बराच वेळ तो बिनघोर काम करत होता. म्हणजे वीज आली ती मागाहून.

निघताना मनकर्णा उठून उभी राहिली.

"माजा मालक चुकला आसंल तर तसं लिवा, मी रडनार न्हाई. पर चुकला नसंल, तर कुनाला भिऊन लिवू नका."

३

तारेत मागाहून वीज येण्याची दुसरी एक वाट असते, आणि ती राधाकृष्णलाही ठाऊक होती. वीज गेल्यावर कुणी घरचा जनरेटर सुरू केला आणि घर बाहेरच्या तारेपासून तोडलं नाही, तर घरातली वीज उलटी तारेत शिरते. जनरेटर गावात एकाच घरी होता. राधाकृष्णनं तो तपासून निर्दोष ठरवला होता.

बंगला गल्लीच्या टोकाला होता. आबासाहेबानं स्वतःच जनरेटर दाखवला. शिवणयंत्राएवढं पेट्रोलवर चालणारं यंत्र, एक केव्हीएचं, म्हणजे अगदी कमी ताकदीचं. भिंतीवर चेंजओव्हर स्विच होता. त्याची मूठ एका बाजूला केली की घर खात्याच्या तारेवर, दुसऱ्या बाजूला केली की जनरेटरवर. दोन्ही एकदम जोडलं जाणं शक्यच नाही. पुष्पावतीनं मूठ फिरवून पाहिली. काम चोख होतं. फक्त भिंतीला डागडुजीचं सिमेंट अजून ओलसर काळपट दिसत होतं.

"स्विच नवा वाटतो," ती म्हणाली.

आबासाहेबानं मान डोलावली. मागेच बसवून घेतला, म्हणाला. आपण कायद्याची माणसं.

मग त्यानं चहा मागवला आणि अभिमानानं मागची खोली उघडली. गल्लीची वीज नंतर दुरुस्त झाली होती, आणि खिडकीत एअर कंडिशनर घुरघुरत होता. मुंबईहून आणलेला, दीड टनाचा. उंबरा ओलांडताच बाहेरचा मे महिना मागे राहिला. पलंगावर आबासाहेबाचे वडील काकासाहेब गळ्यापर्यंत गोधडी ओढून पडले होते. त्यांना उष्म्यानं धाप लागते, डॉक्टरांनी गारव्यात ठेवायला सांगितलंय, म्हणून हा खर्च, असं आबासाहेब म्हणाला. ते म्हणताना त्याचा आवाज खरोखरच मऊ झाला होता.

तेवढ्यात त्याला बाहेरून कुणी हाक मारली. तो गेला तसा म्हातारा पुटपुटला.

"पोरी, त्ये बंद कर गं. लई गार लागतं. कुनी ऐकत न्हाई."

"कधीच बंद करत नाहीत का, बाबा?"

"न्हाई. त्यो वायरमन मेला, लोकं बोंबलत हुती, तवा बी चालूच. मग येकदम बंद झालं. मला वाटलं, चला, सुटलो."

आबासाहेब परत आला तेव्हा तिनं सहज विचारलं, त्या दिवशी वीज नसताना वडिलांचं कसं झालं? तो म्हणाला, कसं होणार, मशीन बंद होतं, आम्ही हातपंख्यानं वारा घातला. छोट्या जनरेटरवर दोन बल्ब आणि एक पंखा चालतो, बास. वडिलांचं डोकं आता जागेवर नसतं, ते काहीही बोलतात, हेही त्यानं न विचारता सांगून टाकलं.

बाहेर पडताना पुष्पावतीला बंगल्यामागं गोठा दिसला. दावणी रिकाम्या, शेणाचा वाससुद्धा उरला नव्हता. जनावरं छावणीत पाठवल्याचं आबासाहेबानं सांगितलं. पण गोठ्याच्या कोपऱ्यात कडब्याची गंज माणसाच्या डोक्याच्या वर उभी होती. छावणीत एका पेंढीवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जात होती, आणि इथं न खाणाऱ्या गोठ्यात गंज. ती क्षणभर थांबली. आबासाहेब तिच्या आणि गोठ्याच्या मधे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, नगरच्या तुमच्या साहेबांशी आपला चांगला घरोबा आहे.

४

आता उरला गिरणीवाला सहादेव. गावात कुणाचं छगनशी वाकडं असेल तर याचं होतं. त्यानं गिरणीत परवानगीशिवाय मिरची कांडायचं यंत्र जोडलं होतं, आणि छगननं ते वर कळवलं होतं. त्या यंत्राची चौकशी संपेपर्यंत गिरणी चालवायची नाही असा त्याला आधीपासून हुकूम होता. बल्ब लागल्याचं सगळ्यात आधी त्यानंच सांगितलं होतं, आणि गहिनीनाथ अडकला तो त्याच्याच जबानीनं.

सहादेव पिठानं पांढऱ्या झालेल्या पाटावर बसला होता. बल्ब लागला, विझला, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पुष्पावतीनं त्याला गहिनीनाथच्या गालाबद्दल सांगितलं. मग म्हणाली की मिरचीचं यंत्र हा तिचा विषय नाही, ते ती लिहिणार नाही. पण त्या बल्बकडे बघत बसलेला गिरणीवाला दुसरं काहीच करत नव्हता, हे तिला पटत नाही.

तो पाटावरचं पीठ बोटानं गोळा करू लागला.

"बल्ब लागला तवा वाटलं, लाईट आली," तो शेवटी म्हणाला. "कुनी बघत न्हाई तवर धा पायली दळून घ्यावं म्हनून मोटारीचा खटका दाबला. खांबावर मानूस चिकटलाय हे मला ठावं न्हवतं, बाईसाहेब, आईच्यान."

"मग मोटार चालली?"

"न्हाई ना. नुसती हूंऽऽ करून जागच्या जागी गुरगुराया लागली. जळंल म्हनून बंद केली."

"आणि बल्ब? तो कसा जळत होता?"

सहादेवनं कपाळ खाजवलं. आधी चांगला लागला होता, तो म्हणाला. मग एकदम निखाऱ्यासारखा लालबुंद झाला, आता जातो की काय असं वाटलं, आणि पुन्हा उजळला. मोटारीला हात लावायच्या आधीचं हे.

पुष्पावतीनं राधाकृष्णकडे पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"तुम्हाला कळलं ना?" तिनं विचारलं.

"कळलं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण बाई, नगरला काय सांगायचं?"

"जे कळलं ते."

५

ती बंगल्याकडे परत निघाली तेव्हा मनकर्णा मागून चालू लागली. टँकर आलाच नव्हता. रांगेतल्या बायकाही घागरी खाली ठेवून मागोमाग आल्या. फाटकात आबासाहेब उभा होता. त्याला वाटलं अहवाल झाला असेल.

"झाला," पुष्पावती म्हणाली. "वाचून दाखवते."

तिनं कागद काढला नाही. उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, आणि बायकांनाही समजेल असं सांगितलं.

गिरणीच्या मोटारीला तीन तारांची वीज लागते. त्या दुपारी ती जागेवर गुरगुरली, म्हणजे तिघींपैकी एकाच तारेत वीज होती. गहिनीनाथनं तीन फ्यूज बसवले असते तर मोटार फिरली असती. कुणी म्हणेल, त्यानं एकच बसवला असेल. पण मग बल्ब लाल झाला नसता. डीपी शंभर केव्हीएची आहे. गल्लीत काहीही सुरू करा, तिच्यावरचा बल्ब पापणीसुद्धा हलवत नाही. बल्बनं मान टाकली, कारण वीज डीपीवरून येतच नव्हती. ती एखाद्या बेताच्या जनरेटरवरून येत होती, आणि त्या क्षणी त्याच्यावर एकाएकी मोठा बोजा पडला होता.

"बोजा कसला?" ती आबासाहेबाला म्हणाली. "दीड टनाचं गार हवेचं मशीन चालताना अकरा अँपियर घेतं. पण सुरू होताना, त्या एका दमात, त्याच्या पाचपट ओढतं. तुमचा छोटा जनरेटर सगळा मिळून चार अँपियर देतो. त्यानं हे मशीन सुरू करायचं म्हणजे शेळीनं नांगर ओढायचा. तो जागीच बंद पडला असता. आणि काकासाहेब म्हणतात मशीन चालू होतं. त्यांचं डोकं जागेवर नाही असं धरलं, तरी गिरणीतल्या बल्बला म्हातारपण आलेलं नाही. दोघं एकच गोष्ट सांगतायत."

"हिशोबानं मानूस गुन्हेगार ठरत न्हाई, बाई," आबासाहेब म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"नाही ठरत. म्हणून हिशोब पुढे नेते. बल्ब लाल झाला पण विझला नाही, म्हणजे जनरेटर दम खाऊन सावरला. तेवढा दम असायला तो साधारण दहा केव्हीएचा हवा. राधाकृष्ण, या गावात दहा केव्हीएचा जनरेटर कुठं होता?"

राधाकृष्णनं एकदा आबासाहेबाकडे, एकदा बायकांकडे पाहिलं.

"माळावरच्या बोअरवर," तो म्हणाला. "दुष्काळी कामातून गावाला मिळालेला. त्याच्यावर बोअरचा पंप चालायचा. समितीनं कळवलं होतं, दुरुस्तीला नगरला पाठवलाय म्हणून."

रांगेतल्या बायका फाटकाजवळ सरकल्या. तो पंप बंद पडल्यापासूनच त्या टँकरची वाट बघत होत्या.

"गोठ्यात जनावर नाही आणि कडब्याची गंज आहे," पुष्पावती म्हणाली. "मला ती गंज काढून बघायची आहे."

आबासाहेबानं फाटकावर हात आडवा धरला. कुणाच्या हुकमानं, असं त्यानं विचारलं. ज्या जोडणीनं माणूस मारला ती तपासायला मला कुणाचा हुकूम लागत नाही, असं ती म्हणाली. मग तो म्हणाला की एका फोनवर तिची नोकरी जाईल.

"करा फोन. तोवर मी गंज बघते."

ती त्याच्या हाताखालून वाकून आत गेली. मनकर्णा तिच्या मागून गेली, आणि मग त्या आडव्या हाताला काही अर्थ उरला नाही. बायकांनी पेंढ्या उपसायला सुरुवात केली. आत ताडपत्री लागली, ताडपत्रीखाली हिरव्या रंगाचं इंजिन, आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव. शेजारी डिझेलचं पिंप होतं. इंजिनापासून निघालेली जाड केबल भिंतीतून थेट मीटरच्या फळीपर्यंत गेली होती. नव्या स्विचच्या मागे तिची टोकं कापून, चिकटपट्टी गुंडाळून लपवली होती. तिचा त्या स्विचशी काही संबंध नव्हता. वीज गेली की इंजिन सुरू करायचं, एक तार घराला भिडवायची, आणि बाहेरची मेन, म्हणजे खात्याच्या तारेकडचा खटका, बंद करायची. त्या दुपारी मेन बंद करायची राहून गेली. ओरडा ऐकल्यावर इंजिन थांबवलं, कडब्याखाली घातलं, आणि स्विच रातोरात भिंतीत बसवला.

आबासाहेब गोठ्याच्या दारात खाली बसला.

"बाप गुदमरत हुता माजा," तो म्हणाला. "तुमी काय केलं आसतं?"

 उत्तर मनकर्णानं दिलं.

"गावाला इचारायचं हुतं. म्या सोता येऊन वारा घातला आसता म्हाताऱ्याला. आन् माजा मालक मेला त्या दिशी तरी खरं बोलायचं हुतं. पोरगं तिकडं मार खातंय, ठावं हुतं ना तुमाला?"

 पुष्पावतीनं पक्कड घेतली, बंगल्याची जोडणी स्वतःच्या हातानं तोडली आणि फळीला सील ठोकलं. मागच्या खोलीतली घुरघुर थांबली. राधाकृष्णनं खिशातून आपला टाइप केलेला अहवाल काढला, चार तुकडे केले, आणि ठेकेदाराचाच ट्रॅक्टर मागवून इंजिन माळावर पोचवायची व्यवस्था केली.

६

दुसऱ्या दिवशी बोअर सुरू झाला. गहिनीनाथ सुटून आला तो आधी मनकर्णाच्या दारात गेला आणि मी जागा सोडायला नको होती, म्हणाला. तिनं त्याला घरात घेतलं की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत. पाणी मात्र दिलं, हे सगळे सांगतात.

पुष्पावतीची बदली महिन्याच्या आत झाली. नगरहून पार विदर्भात, चांद्याला. कारण विचारलं तर प्रशासकीय सोय. खटला उभा राहिला तेव्हा तिला कळवण्यात आलं की इतक्या लांबून येण्याची गरज नाही, लेखी म्हणणं पाठवलं तरी चालेल. ती रजा टाकून, रेल्वे आणि एसटी बदलत नगरला आली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

आबासाहेबाचा वकील मोठा होता. त्यानं तिला विचारलं, त्या दुपारी तुम्ही सोनखडकला होता का? नव्हते, ती म्हणाली. ते मशीन चालू असताना पाहिलं का? नाही. मग हा सगळा अंदाजच ना? हो, अंदाजच, आणि तो कसा बांधला ते ती पुन्हा पहिल्यापासून सांगायला तयार आहे. वकिलाला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. त्यानं कागद चाळले आणि शेवटचा प्रश्न काढला. ह्या अहवालामुळेच वरिष्ठांनी तुम्हाला या जिल्ह्यातून हलवलं, हे खरं आहे ना?

मागच्या बाकावर मनकर्णा बसली होती, शेजारी गहिनीनाथ. राधाकृष्णही आला होता, नव्यानं लिहिलेली स्वतःची जबानी हातात घेऊन.

"बदली माझी झाली," पुष्पावती म्हणाली. "हिशोब आहे तिथंच आहे. तुम्हाला चुकीचा वाटत असेल, तर इथं मांडून दाखवा."

वकिलानं कागद मिटले. मग आणखी प्रश्न नाहीत असं सांगून खाली बसला.